तुळई उभी की आडवी?

दिवाळी अंकात तेरखेड्याचं नाव दिसलं की वाचक फटाक्यांची वाट पाहणार, हे उघड आहे. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं हे गाव मराठवाड्याची शिवकाशी म्हणून ओळखलं जातं. त्या धंद्यावर, त्यातल्या कमाईवर आणि जोखमीवर बरंच छापून आलं आहे. हा लेख मात्र दारूचा नाही, छपराचा आहे.

येरमाळा सोडून बीडच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या कडेला या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या गावासारखीच रांग लागते: वेल्डिंगची दुकानं, सिमेंटची गोदामं, पत्र्याची शेडं, अर्धवट कॉलम वर काढून ठेवलेले गाळे. गावठाणात शिरलं की जुनी माळवदं दिसतात. जाडजूड दगडी भिंती, वर मातीचं सपाट छप्पर, त्यावर कुठे वाळवणं तर कुठे नुसतंच उगवलेलं गवत. या दोन टोकांच्या मधे लोखंडी तुळयांवर शहाबादी फरशी टाकलेली घरं. ती आजोबांच्या माळवदानंतर आणि नातवाच्या स्लॅबच्या आधी आली. लाकूड, लोखंड आणि काँक्रीट या तिन्ही छपरांचा भार पेलणाऱ्या आडव्या वस्तूचं काम एकच आहे: वाकायचं, पण फार नाही. ती किती वाकेल हे ज्या आकड्यावर ठरतं त्याला पॉलिटेक्निकची मुलं नुसतं ‘आय’ म्हणतात. पुस्तकातलं पूर्ण नाव ‘एरिया मोमेंट ऑफ इनर्शिया’. परीक्षेत तो काढायला येतो, सूत्र पाठ असतं, उत्तराखाली ‘सेंटीमीटरचा चौथा घात’ असं एकक लिहिलं जातं. लांबीचा चौथा घात म्हणजे नेमकं काय, हे वर्गात क्वचितच कुणी विचारतं. त्याचं उत्तर फळ्यावर शोधण्यापेक्षा माळवदाखाली उभं राहून वर पाहावं.

माळवदाची रचना ठरलेली असते. जमिनीवर दगडी उथळ्यात लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलच्या, त्यावर पाला आणि चिखल, आणि सगळ्यात वर गावातल्या पांढरीची माती चोपून बसवलेली. मधे उजेडाला आणि धुराला एक साणं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, आणि घराचा आकार याच खणांत सांगायचा. इतके जवळजवळ खांब का, असा प्रश्न शहरातून आलेल्या माणसाला पडतो, कारण खोलीत चालताना दर चार पावलांवर खांब आडवा येतो. उत्तर मातीच्या वजनात आहे. चोपलेल्या मातीचा एक फूट जाड थर दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर टाकला तर जवळजवळ पाच टन ओझं होतं. आजचा पाच इंची स्लॅब त्याच खोलीवर तीन टनांच्या आत असतो. आणि माळवद एक फुटावर थांबत नाही. पावसाळ्यापूर्वी गळती बंद करायची म्हणून वर नवी माती टाकायची, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. जुनी काढायची पद्धत नाही. नातवाच्या वेळेपर्यंत थर दोन फुटांवर जातो. खालची तुळई मात्र आजोबांनी बसवली तीच.

आता एक सागवानी तुळई घेऊ: 15 सेंटीमीटर रुंद, 20 सेंटीमीटर उंच. दोन तुळयांत चार फूट अंतर, दोन खांबांत आठ फूट, वर एक फूट माती. सागाचा ताठरपणा धरून हिशेब केला तर तुळई मधोमध सुमारे 3 मिलिमीटर वाकते. डोळ्याला दिसणारही नाही. तीच तुळई कुणी आडवी टाकली, म्हणजे 20 ची बाजू रुंदीला आणि 15 ची उंचीला, तर वाक 5 मिलिमीटरच्या पुढे जातो. लाकूड तेवढंच, पैसे तेवढेच. आणि खोली मोकळी दिसावी म्हणून खांब आठ फुटांऐवजी बारा फुटांवर नेले तर? अंतर दीडपट झालं, वाक पाचपट. तुळई उभीच ठेवली असली तरी तो दीड सेंटीमीटरच्या आसपास जातो. शिवाय ओझ्याखाली लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू आणखी बसत जातं, ते वेगळंच. अंतराच्या चौथ्या घाताने वाढणाऱ्या या वाकापुढे सुताराने खांब जवळ आणले, हे शहाणपणच होतं. सूत्र त्याला ठाऊक नव्हतं. वाकलेली तुळई मात्र त्याने पाहिली होती, आणि ती कुणी बसवली हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं.

उभं-आडवं करण्याने एवढा फरक का पडतो, त्याचं कारण तुळईच्या पोटात आहे. ओझ्याखाली तुळई वाकली की तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. मधे कुठेतरी एक थर असा असतो की तो ना दाबला जातो ना ताणला जातो. त्या थरापासून जो धागा जितका दूर, तितका तो जास्त ताणला जातो आणि तितका जास्त जोर लावून विरोध करतो. ही झाली अंतराची पहिली कमाई. दुसरी अशी की हा जोर वाक परतवण्यासाठी तरफेसारखा काम करतो, आणि तरफ जितकी लांब तितका तिचा परिणाम मोठा. म्हणजे अंतर दोनदा हिशेबात येतं, एकदा जोर किती हे ठरताना आणि एकदा त्या जोराची तरफ किती हे ठरताना. म्हणून प्रत्येक कणाचं क्षेत्रफळ त्याच्या अंतराच्या वर्गाने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. क्षेत्रफळ हा लांबीचा दुसरा घात, अंतराचा वर्ग हा आणखी दुसरा. चौथा घात आला तो इथून. चौकोनी तुळईसाठी ती बेरीज रुंदी गुणिले उंचीचा घन भागिले बारा अशी निघते. रुंदी दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट.

यातून एक गंमत निघते. मधल्या थरापाशी असलेलं लाकूड जवळजवळ फुकट बसलेलं असतं. 20 सेंटीमीटर चौरस तुळईच्या गाभ्यातून 8 सेंटीमीटर चौरस लाकूड किडीने पोखरून टाकलं तर सोळा टक्के लाकूड गेलं, पण ‘आय’ तीन टक्केही कमी होत नाही. उलट वाळवीने चारही बाजूंनी फक्त एकेक सेंटीमीटर खाल्लं तर लाकूड एकोणीस टक्के गेलं आणि ‘आय’ चौतीस टक्के. जुनं घर घेताना लोक तुळईवर बोटाने टकटक करतात आणि पोकळ आवाज आला की घाबरतात. घाबरावं ते कडांच्या भुग्याला. (टोकाशी, जिथे तुळई भिंतीत शिरते, तिथे मात्र पोकळ आवाजालाही घाबरावं. तिथला प्रश्न वाकण्याचा नसतो, चिरण्याचा आणि चुरगळण्याचा असतो. भिंतीतली ओल नेमकी त्याच जागी लाकूड कुजवते.)

हे गणित माणसाने कागदावर उतरवायला फार वेळ घेतला. गॅलिलिओचा या विषयावरचा ग्रंथ 1638 मध्ये लायडेनला छापला गेला. शिवाजीराजे तेव्हा आठ वर्षांचे होते. भिंतीतून बाहेर आलेली तुळई टोकाला वजन टांगल्यावर कुठे मोडेल, हा त्याचा प्रश्न. फळी उभी धरली तर आडवीपेक्षा किती पट बळकट, हे त्याने अचूक सांगितलं. हाडं आणि काड्या पोकळ का असतात, यावरही लिहिलं. चुकला तो एका ठिकाणी. सगळी तुळई खालच्या कडेभोवती फिरते आणि सगळे धागे सारखेच ताणले जातात, असं त्याने धरलं. वरची बाजू ताणात आणि खालची दाबात असते, मधे शून्याचा थर असतो, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. त्यामुळे त्याची तुळई खऱ्यापेक्षा तिप्पट बळकट निघाली. तो मधला थर नेमका कुठे, याचा घोळ पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षं चालला. बर्नुली, ऑयलर, कूलंब अशा एकाहून एक माणसांनी त्यात हात घातला आणि 1826 मध्ये फ्रान्सच्या नाव्हिएने आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात तो हिशेब आज शिकवतात तशा रूपात मांडला.

पण पुस्तकांच्या आधी हात असतात. चीनच्या सोंग दरबाराने 1103 मध्ये ‘यिंगझाओ फाशी’ हा बांधकामाचा नियमग्रंथ छापला. त्यात तुळईच्या उंची-रुंदीचं प्रमाण तीनास दोन असं ठरवून दिलं आहे. तेव्हा आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. गोल ओंडक्यातून सर्वांत बळकट तुळई कापायची तर गणिताने उंची रुंदीच्या 1.41 पट यावी लागते आणि सर्वांत ताठ हवी असेल तर 1.73 पट. चिनी सुतारांचं दीडपट बरोबर या दोहोंच्या मधे पडतं. आपल्याकडच्या सुतारांनी असा ग्रंथ मागे ठेवला नाही. त्यांचं प्रमाण शोधायचं तर माळवदं पडण्याआधी टेप घेऊन तुळया मोजायला हव्यात, आणि ते काम एखाद्या स्थापत्य महाविद्यालयाच्या मुलांनी करण्यासारखं आहे. माळवद उतरवलं की जुनं सागवान घनफुटावर विकलं जातं आणि त्याचे दिवाण होतात.

लोखंड आल्यावर खेळ बदलला. लाकूड झाड देईल त्याच आकाराचं. लोखंड मात्र हवं तसं लाटता येतं. मग मधलं फुकट बसलेलं द्रव्य काढून वरखाली न्यायला काय हरकत? 1849 मध्ये बेल्जियमच्या एका कारखान्यातल्या आल्फोन्स आल्बूने रोमन ‘आय’ अक्षरासारखी तुळई एकाच तुकड्यात लाटण्याचं पेटंट घेतलं. आज महामार्गावरच्या लोखंडाच्या दुकानात तिला गर्डर म्हणतात. 200 मिलिमीटर उंचीच्या आयएसएमबी गर्डरचं वजन मीटरला 25 किलोच्या आसपास आणि स्टील टेबलात त्याचा ‘आय’ 2235. तेवढंच लोखंड भरीव चौकोनी गजाच्या रूपात घेतलं तर ‘आय’ 87 येतो. वजन एकच, भाव एकच, ताठरपणात पंचवीस पटींचा फरक. आणि तोच गर्डर कुशीवर आडवा टाकला तर 2235 चा 150 होतो. वेल्डिंगच्या दुकानात सी-चॅनल कुशीवर टाकून त्यावर जिन्याची पायरी बसवलेली दिसते, तेव्हा हे दोन आकडे आठवतात.

या जिल्ह्यातल्या लोकांना आणखी एक लोखंडी तुळई ठाऊक आहे: रूळ. कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली आणि येडशी, तेर, ढोकी करत 1911 मध्ये लातूरला पोहोचली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनीअर. त्याने यार्डाला फक्त 30 पौंड वजनाचे हलके रूळ वापरले आणि त्यांवर भारी माल चालवला. युक्ती साधी होती. इंजिनापासून वाघिणीपर्यंत एकाही आसावर पाच टनांहून जास्त ओझं येऊ द्यायचं नाही, म्हणजे रुळाचा ‘आय’ लहान असला तरी चालतो. माळवद बांधणाऱ्याने खांब जवळ आणले, कॅलथ्रॉपने ओझं वाटून टाकलं. भंगारात निघालेले रूळ पुढे महाराष्ट्रभर घरांच्या तुळया झाले. हा सौदा मात्र दिसतो तितका चांगला नाही. यार्डाला 30 पौंड म्हणजे मीटरला 15 किलो, आणि 150 मिलिमीटरचा गर्डरही मीटरला 15 किलोच भरतो. पण तेवढ्या वजनाचा रूळ जेमतेम 8 सेंटीमीटर उंच, त्यामुळे त्याचा ‘आय’ गर्डरच्या पावपट. रुळाला चाकाची झीज सोसायची असते, बाजूचे धक्के खायचे असतात, म्हणून त्याच्या डोक्यात लोखंड दाटलेलं असतं. शिवाय त्याच्या खाली दर दोन-अडीच फुटांवर स्लीपर असतो. खोलीच्या दहा फुटांवर तो स्लीपर कुठून येणार?

लाकूड घनफुटावर, लोखंड किलोवर, सिमेंट पोत्यावर. बाजारात या तिन्ही गोष्टी मोजता येतात, पण छपराला जे हवं ते यांतल्या कशानेच मोजलं जात नाही. तरीही घर बांधणारा माणूस आजही अभिमानाने सांगतो तो आकडा टनांचाच असतो, की आमच्या घराला इतकं स्टील लागलं. ते कुठे लागलं, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. माझ्या मते आपल्या खेड्यापाड्यांतल्या बांधकामाची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. पैसे कमी पडतात ही तक्रार खरी असली तरी ती दुसरी.

तेरखेडा बालाघाटच्या ज्या माथ्यावर आहे, तिथूनच तेरणा नदी निघते. तिच्या काठाने खाली गेलं की आधी तेर लागतं, सातवाहन काळातलं तगर. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे आणि त्याचं गजपृष्ठाकार छप्पर कमानीसारखं वर वळत जातं. तिथे तुळईच नाही. ताण सोसू न शकणाऱ्या विटेला फक्त दाबातच ठेवायचं, हा वाकण्याचा प्रश्न टाळण्याचा एक जुना आणि देखणा मार्ग. आणखी खाली माकणीचं धरण, सास्तूर, आणि नदीच्या अंगालाच किल्लारी.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणेश विसर्जनाची रात्र सरत होती. 6.2 तीव्रतेच्या त्या भूकंपात सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसं गेली. बहुतेक आपल्याच घराखाली. त्यानंतर माळवद बदनाम झालं आणि लोकांच्या बोलण्यात दोष लाकडी तुळयांवर गेला. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना वेगळं दिसलं. अनेक घरांत भिंती ढासळून दगडांचा ढीग झाला होता आणि लाकडी सांगाडा, खांब-तुळया-कड्या, जागेवर उभा होता. घात केला तो चिखलात रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंतींनी. त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला जोडणारे आरपार दगड नव्हते. दुसरा घात वरच्या मातीने केला. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या टाकत आलेला तो दोन फुटी थर प्रत्येक हिसक्याला पाच-दहा टनांनी साथ देत होता. दुरुस्तीच्या शिफारशींत म्हणूनच माती कमी करा, भिंतीत बंध घाला, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपा आधार ठोका, अशा गोष्टी होत्या. शेवटची सूचना आपल्या विषयाची आहे. तुळई वरून येणाऱ्या ओझ्यासाठी उभी ठेवलेली असते, पण भूकंप बाजूने ढकलतो. त्या दिशेने तुळईचा मोठा ‘आय’ कामाला येत नाही. खांब आणि तुळईचा सांधा नुसता खाचेत बसवलेला असेल तर सगळा सांगाडा पत्त्यांच्या बंगल्यासारखा तिरपा होऊ शकतो.

बावन्न गावं नव्या जागी उठून गेली, आणि धडा मराठवाडाभर एका वाक्यात पोहोचला: माती-दगड नको, सिमेंट हवं. तेरखेड्यापासून उमरग्यापर्यंत आज जे स्लॅब पडताहेत ते या भीतीतून आणि घरकुलाच्या हप्त्यांतून. सिमेंट आल्याने उभ्या-आडव्याचा प्रश्न सुटलेला नाही, फक्त तो आता प्लॅस्टरखाली गेला आहे.

कॉलम घ्या. गावाकडे सर्रास नऊ बाय बारा इंचांचा. नऊ इंच भिंतीत लपतात, म्हणून बाराची बाजू भिंतीच्या लांबीला ठेवायची. सगळ्या कॉलमांची बारा इंचाची बाजू एकाच दिशेला आली तर घर एका दिशेने दुसरीपेक्षा पावणेदोन पट ताठ होतं, आणि धक्का कुठल्या दिशेने यायचा हे कुणी ठरवू शकत नाही. काही कॉलम फिरवून टाकायला एक पैसा जास्त लागत नाही. कोपऱ्यात तीन इंच बाहेर येतात आणि कपाट नीट बसत नाही, एवढंच.

किंवा बीम. खाली उतरलेला बीम घरमालकाला नको असतो. वास्तुशास्त्रवाले बीमखाली झोपू नका म्हणतात, फॉल्स सिलिंगवाला तो अडचणीचा म्हणतो. मग ‘हिडन बीम’ काढा, म्हणजे स्लॅबच्याच जाडीत सळया दाटून टाका. पंधरा इंची बीमची उंची पाच इंचांवर आणली तर तेवढ्याच रुंदीला ‘आय’ सत्ताविसावा हिस्सा उरतो. स्टील वाढवून तो मोडण्यापासून वाचवता येईल, पण वाकण्यापासून वाचवणं फार महाग पडतं. दोन-तीन वर्षांनी त्यावरच्या भिंतीला तिरकी चीर जाते आणि दोष गवंड्याच्या प्लॅस्टरवर येतो.

सगळ्यात वाईट प्रकरण छज्ज्याचं आणि गॅलरीचं. खोलीवरच्या स्लॅबमध्ये ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई खाली. भिंतीतून बाहेर आलेल्या छज्ज्यात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून सळई वर. गॅलिलिओने मांडलेली तुळई नेमकी हीच. चार इंची छज्ज्यात सळई वरच्या कडेपाशी असेल तर तिला खालून सुमारे 8 सेंटीमीटरची उंची मिळते. ओतकामाच्या वेळी तिच्यावर पाय पडून ती मधोमध दबली तर 5 उरतात आणि ताकद तिसऱ्या हिश्शाहून अधिक जाते. तळाला टेकली तर छज्जा केवळ सिमेंटच्या चिकटपणावर लटकतो. तो काही वर्षं लटकतोही. मग एखाद्या पावसाळ्यात, वर पाणी साचलेलं असताना, पडतो. बिलावर मात्र स्टीलचे किलो पूर्ण असतात.

यावर उपाय म्हणजे वाकवलेल्या सळईचा एक तुकडा, साइटवर त्याला ‘चेअर’ म्हणतात. तो जाळीखाली उभा ठेवला की वरची सळई वरच राहते. दर दोन-तीन फुटांवर एक चेअर लागते. ती बांधायला बारवाल्याला फार वेळ लागत नाही. तिच्या आसपास पाय देऊ नका, फळी टाकून चाला, हे मात्र ओतकामाच्या सकाळी घमेली वाहणाऱ्या प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं, आणि सांगणारा माणूस शेवटचं घमेलं पडेपर्यंत छज्ज्यापाशी उभा राहावा लागतो.